कोकणातले खडक आणि खनिजे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात दगडाविषयीचे प्रश्न बहुधा विहीर खणताना, चिऱ्यांचा (जांभ्याच्या कापलेल्या ठोकळ्यांचा) ट्रक अंगणात उतरवून घेताना किंवा मुलांच्या विज्ञान प्रकल्पाची मुदत उद्यावर आलेली असताना पडतात. खाली दिलेले प्रश्न त्याच प्रसंगांतले आहेत. उत्तरे मात्र खनिजांपासून सुरू करून खडकांकडे आणि तिथून जांभ्याकडे, म्हणजे कोकणातल्या तांबड्या, सच्छिद्र दगडाकडे, नेली आहेत, कारण खनिजांचे गुणधर्म ठाऊक नसतील तर काळा कातळ कठीण का आणि चिरा कुऱ्हाडीने तासता का येतो, हे सांगूनही पटत नाही.

खनिज आणि दगड यांत नेमका फरक कोणता?

निसर्गात तयार झालेला, घन अवस्थेतला, ठरावीक मर्यादेत राहणारे रासायनिक संघटन असलेला आणि ज्याच्या आतील अणूंची मांडणी एकाच नियमाने पुन्हा पुन्हा होत गेलेली आहे असा अजैव पदार्थ म्हणजे खनिज. खडक म्हणजे अशा एका किंवा अनेक खनिजांचा नैसर्गिक समूह. थालीपिठाच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, चणाडाळ, उडीद, धणे हे सारे असते, पण दळून आल्यावर त्यांतले काहीच डोळ्यांनी वेगळे काढता येत नाही. आपला काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, तसा आहे : फेल्स्पार, पायरोक्सीन, थोडे मॅग्नेटाइट असे सगळे आत असूनही तो एकजिनसी दिसतो. ग्रॅनाइट मात्र न दळलेल्या मिश्र कडधान्यासारखा असतो आणि त्यातला पांढरा, गुलाबी, काळा दाणा बोटाने दाखवता येतो.

आजवर सुमारे ६,००० खनिजांना मान्यता मिळाली आहे, परंतु रस्त्याकडेचा कोणताही दगड उचलला तर त्यात वीस-पंचवीस नेहमीच्या खनिजांपैकीच काही सापडतात. त्याचे कारण साधे आहे. भूकवचाच्या वजनापैकी सुमारे ४६ टक्के ऑक्सिजन आणि सुमारे २८ टक्के सिलिकॉन आहे, त्यामुळे या दोहोंच्या जोडीने बनणारी सिलिकेट खनिजेच सर्वत्र पसरलेली आहेत.

मग मिठागरातले मीठ खनिज मानायचे का?

मीठ म्हणून ज्याला आपण ओळखतो तो सोडियम क्लोराइडचा स्फटिक निसर्गात आपोआप तयार झाला की त्याला हॅलाइट म्हणतात आणि ते रीतसर खनिज आहे. मिठागरात पाणी आत घेणारा, ते कप्प्याकप्प्यांतून फिरवणारा माणूस असल्यामुळे व्याख्येचा काटेकोर आग्रह धरणारे नाक मुरडतील, पण खनिज पाण्यातून कसे वेगळे होते हे पाहायला उरण-पेणच्या मिठागरांइतकी सोयीची प्रयोगशाळा दुसरी नाही. समुद्राचे पाणी आटत जाते तेव्हा सर्वांत आधी कॅल्शियम कार्बोनेट, मग जिप्सम आणि बरेच पाणी उडून गेल्यावर मीठ खाली बसते. मॅग्नेशियमचे कडू क्षार शेवटपर्यंत पाण्यातच राहतात. आगरातून आणलेला जाड मिठाचा खडा भिंगाखाली धरला तर त्याच्या कडा काटकोनात असल्याचे दिसते. तो खडा हलकेच ठेचला तरी तुकडे पुन्हा चौकोनीच पडतात, कारण आतले सोडियम आणि क्लोरीनचे अणू घनाकृती जाळीत बसलेले असतात आणि बाहेरचा आकार त्या आतल्या मांडणीचाच असतो. कडक उन्हात घाईने आटलेल्या पाण्यात दाणा बारीक पडतो आणि सावकाश आटलेल्यात मोठा. शिलारसातून, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकातून, खडक गोठतानाही नेमके असेच घडते.

घरच्या घरी खनिज ओळखायचे असेल तर काय तपासावे?

रंगाने सुरुवात करण्याचा मोह होतो आणि तिथेच पहिली चूक होते. हेमॅटाइट, गोथाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहाची तिन्ही खनिजे ढेकळाच्या रूपात काळपट दिसू शकतात, तर शुद्ध क्वार्ट्झ रंगहीन असूनही किंचित भेसळीने जांभळे, गुलाबी, धुरकट होते. म्हणून रंगापेक्षा कस पाहावा. सोनाराच्या कसोटीवरून हा शब्द आपल्या परिचयाचा आहे, आणि खनिजविज्ञानातही अर्थ तोच : खनिज घासल्यावर उमटणाऱ्या भुकटीच्या रेघेचा रंग. त्यासाठी न्हाणीघराच्या उरलेल्या फरशीची मागची, न चकाकणारी बाजू पुरते. हेमॅटाइट कितीही काळे दिसले तरी त्याची रेघ विटकरी-तांबडी येते, गोथाइटची पिवळसर तपकिरी आणि मॅग्नेटाइटची काळी. जांभ्याच्या एकाच चिऱ्यावरचे तांबडे आणि पिवळे भाग वेगवेगळे घासून पाहिले तर हा फरक अर्ध्या मिनिटात कळतो.

कसानंतर चमक : धातूसारखी, काचेसारखी, मोत्यासारखी, मातकट. मग तुटण्याची रीत. काही खनिजे ठरावीक पातळ्यांवरच फुटतात. याला पाटन म्हणतात. अभ्रकाचे पाटन एकाच दिशेने असते, म्हणून त्याचे पापुद्रे निघतात. कॅल्साइटचे तीन दिशांनी असते, म्हणून त्याचे तिरके ठोकळे पडतात. क्वार्ट्झला असे पाटन नसते. ते जाड काचेसारखे फुटते आणि फुटलेल्या भागावर शिंपलीच्या पाठीवरच्या वळ्यांसारख्या रेषा दिसतात. या भंजनाला शंखाभ म्हणतात, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्याला या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

वजनाचा अंदाज हातानेही येतो. क्वार्ट्झचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत किती पट जड) २.६५, कॅल्साइटचे २.७१, तर मॅग्नेटाइट आणि हेमॅटाइट यांचे ५ च्या वर. सारख्या आकाराचे दोन खडे दोन हातांत घेतले तर दुप्पट जड खडा चटकन ओळखू येतो. त्याखेरीज दोन चाचण्या सोप्या आहेत. लोहचुंबकाला मॅग्नेटाइट जोरात चिकटते, इल्मेनाइट (लोह-टायटॅनियमचे काळे खनिज) अगदी क्षीण दाद देते आणि हेमॅटाइट बहुधा देतच नाही. तसेच कॅल्साइटचा चुरा करून त्यावर व्हिनेगर टाकले की बुडबुडे येतात. तसेच बुडबुडे शिंपलीच्या चुऱ्यावरही येतात, कारण शिंपली ही त्याच कॅल्शियम कार्बोनेटची असते. म्हणूनच कोकणात पूर्वी शिंपल्या भाजून चुना केला जात असे.

कठिनता कशी मोजतात? कठीण म्हणजे न फुटणारे असे समजावे काय?

नाही, हा गैरसमज फार जुना आहे. कठिनता म्हणजे ओरखडा न पडू देण्याची क्षमता. हिरा दुसऱ्या हिऱ्याखेरीज कशानेही ओरखडला जात नाही, पण हातोड्याखाली त्याचे तुकडे होतात. फ्रीड्रिश मोस यांनी १८१२ मध्ये दहा खनिजांची चढती श्रेणी मांडली आणि ती आजही वापरात आहे : शंखजिरे, जिप्सम, कॅल्साइट, फ्लुओराइट, अ‍ॅपेटाइट, ऑर्थोक्लेज फेल्स्पार, क्वार्ट्झ, पुष्कराज, कुरुविंद, हिरा. हे आकडे केवळ क्रम सांगतात. नववा आणि दहावा यांतले प्रत्यक्ष अंतर पहिल्या आठांतल्या कोणत्याही दोन शेजाऱ्यांमधल्या अंतरापेक्षा फार मोठे आहे.

घरातल्या वस्तूंत सांगायचे तर नखाची कठिनता अडीचच्या आसपास, तांब्याच्या जुन्या पैशाची तीन, चाकूच्या पात्याची व खिडकीच्या काचेची साडेपाच धरावी. (सध्याची नाणी बहुतेक पोलादाची असल्याने या कामाला चालत नाहीत.) गारगोटी म्हणजे क्वार्ट्झच, कठिनता ७. ती काचेवर सहज ओरखडा काढते, आणि पोलादापेक्षा कठीण असल्यामुळेच चकमकीत गारेवर पोलाद घासले की पोलादाचे कण सुटून ठिणगी पडते.

वाळूत सोन्यासारखे चमकणारे कण असतात. ते काय?

जवळजवळ नेहमीच अभ्रक. सुईच्या टोकाने दाबल्यावर पापुद्रा सुटला तर शंका उरत नाही. सोने असते तर ते दबले असते, आणि पाण्यात हलवल्यावर तळाशी गेले असते, कारण त्याचे विशिष्ट गुरुत्व १९ च्या पुढे असते.

शेतात फार जड, काळा, भोके असलेला दगड सापडला. ही उल्का असेल का?

बहुधा लोहकीट, म्हणजे लोखंड गाळताना किंवा तापवताना निघालेला मळ. लोहाराच्या जुन्या भट्टीच्या जागी तो जमिनीत राहतो आणि नांगराला लागतो. प्रस्तुत लेखकाने असा एक तुकडा विद्यार्थिदशेत दोन वर्षे कापसात गुंडाळून ठेवला होता आणि पाहुण्यांना दाखवलाही होता, हे इथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. उल्कापाषाणाच्या आत सहसा बुडबुड्यांची भोके नसतात. भोके दिसली की भट्टी किंवा लाव्हा यांचाच विचार आधी करावा.

खडकांचे तीन प्रकार पुस्तकात वाचले. ते कोकणात पाहायला मिळतात का?

मिळतात, पण सारख्या प्रमाणात नाहीत. शिलारस किंवा लाव्हा गोठून झालेले अग्निज खडक पालघरपासून रत्नागिरीपर्यंत सर्वत्र आहेत. जुन्या खडकांची वाळू-माती साचून, दबून, सांधली जाऊन झालेले गाळाचे खडक आणि उष्णता व दाब यांनी मूळ रूप पालटलेले रूपांतरित खडक पाहायचे तर सिंधुदुर्गात उतरावे लागते. जांभा या तिन्ही कप्प्यांत नीट बसत नाही, आणि कोकणाच्या दगडाची खरी गंमत तिथेच आहे. त्याविषयी पुढे सविस्तर.

काळा कातळ कसा तयार झाला?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पश्चिम भारतात जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून पातळ, वाहता लाव्हा बाहेर आला. शंकूसारखा डोंगर उभारणारा ज्वालामुखी डोळ्यांसमोर आणू नये. हे उमाळे भेगांतून आले आणि पुरासारखे पसरले. असे एकावर एक अनेक थर साचले. त्यांतला बहुतांश लाव्हा दहा लाखांच्या आसपास वर्षांत, म्हणजे भूविज्ञानाच्या हिशेबाने अगदी थोड्या काळात, बाहेर पडला. आज हा प्रदेश सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि त्याला दक्षिण ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. आंबा घाटातून किंवा वरंध घाटातून खाली उतरताना समोरच्या डोंगराच्या कड्याला पडलेल्या आडव्या पायऱ्या पाहिल्या की हे नाव किती चपखल आहे ते कळते.

सुमारे अकराशे-बाराशे अंश सेल्सिअसचा लाव्हा उघड्यावर आल्यावर लवकर निवला, म्हणून त्यातले स्फटिक वाढायला वेळ मिळाला नाही आणि दगड बारीक कणांचा, घट्ट झाला. पाटा-वरवंटा, जाते, रगडा हे सारे या दगडाचे असते ते त्याचमुळे : एकमेकांत गुंतलेले बारीक स्फटिक सुटून पिठात येत नाहीत, आणि टाकी लावून घेतली की धार पुन्हा येते. जांभ्याचा पाटा कुणी करत नाही. केलाच तर चटणीत निम्मा जांभा येईल. घारापुरीची लेणी, दापोलीजवळची पन्हाळेकाजीची लेणी कोरता आली तीही या एकसंध दगडात.

निवताना दगड आकसतो आणि त्याला तडे जातात. थर जाड असेल आणि तो सावकाश, सारखा निवला असेल तर हे तडे पाच-सहा बाजूंचे उभे खांब पाडतात. अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा सुमारे ६१ मीटर उंचीचा सुळका अशाच खांबांचा आहे. उलट जिथे लाव्हा भेगेतच अडकून गोठला तिथे आजूबाजूचा मऊ खडक झिजल्यावर तो भिंतीसारखा उभा राहतो. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी अशा भित्ती सरळ समुद्रात शिरताना दिसतात, आणि नवखा माणूस त्यांना जुन्या धक्क्याचे अवशेष समजतो.

विहिरीच्या दगडात सापडणारे पांढरे, चकचकीत स्फटिक कोणते?

लाव्हात विरघळलेले वायू वर येताना त्यांचे बुडबुडे अडकून राहिले आणि दगडात पोकळ्या झाल्या. पुढे कोमट, क्षारयुक्त पाणी या पोकळ्यांतून फिरले आणि त्याने आतल्या बाजूने स्फटिकांचे अस्तर दिले. त्यांत क्वार्ट्झ, कॅल्साइट आणि झिओलाइट गटातली स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट ही खनिजे असतात, आणि त्यांच्याच सोबतीला अपोफिलाइटही येते. झिओलाइट हे नाव स्वीडिश खनिजतज्ज्ञ क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये दिले. त्याचा अर्थ उकळणारा दगड, कारण तापवल्यावर त्याच्या जाळीत अडकलेले पाणी वाफ होऊन फसफसत बाहेर पडते. मुंबई-ठाण्याच्या खाणींतून निघालेले असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत. विहिरीत सुरुंगाने फुटलेल्या दगडांत ते सापडतात, पण तिथे कामगार बहुतेकदा त्यांना काचा म्हणून बाजूला टाकतात.

जांभा दगड नेमका कशाचा बनतो?

जांभा हा बनलेला दगड म्हणण्यापेक्षा उरलेला दगड म्हणणे अधिक योग्य होईल. मूळच्या खडकातून पावसाने जे नेता येण्यासारखे होते ते नेले आणि जे नेता येईना ते जागेवर राहिले, तो जांभा.

ही क्रिया बारकाईने पाहण्यासारखी आहे. पावसाचे पाणी हवेतला आणि त्याहून अधिक मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास असे पाणी चार महिन्यांत पडते आणि उरलेले आठ महिने जमीन तापते. या ओल्या-सुक्या फेऱ्यांत बेसॉल्टमधले फेल्स्पार ढासळते. त्यातले कॅल्शियम आणि सोडियम पाण्याबरोबर ओढ्याला लागतात, सिलिकाचाही (सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाचाही) बराच भाग विरघळून जातो आणि मागे केओलिनाइटसारखी पांढरी मृद्खनिजे, म्हणजे चिकणमातीची खनिजे, राहतात. धुपणे आणखी चालू राहिले तर त्यातलाही सिलिका निघून अ‍ॅल्युमिनियमचे गिब्साइट उरते. पायरोक्सीन आणि ऑलिव्हीनमधल्या लोहाला हवा लागली की ते गंजते, आणि गंजलेले लोह पाण्यात विरघळत नाही. मूळ बेसॉल्टमध्ये वजनाने निम्म्याच्या आसपास सिलिका आणि १० ते १४ टक्के लोहाची ऑक्साइडे असतात. जांभ्यात हे प्रमाण उलटत जाते, लोह कितीतरी वाढते आणि सिलिका खालावतो. लोहाऐवजी अ‍ॅल्युमिनियम जास्त साठले की त्याच दगडाला बॉक्साइट म्हणतात, आणि कोकणात दापोली-मंडणगडच्या बाजूला तसे साठे आहेत.

महामार्ग रुंद करताना उभ्या कापलेल्या एखाद्या दरडीसमोर थांबले तर हा सगळा प्रवास वरपासून खालपर्यंत वाचता येतो. माथ्यावर काळपट तांबडे, कठीण कवच. त्याखाली नळ्यानळ्यांचा, चिरे काढण्याजोगा जांभा. मग तांबड्या-पांढऱ्या डागांची माती. त्याखाली पांढरट, जांभळट, हाताला साबणासारखी लागणारी चिकणमाती. आणि सर्वांत खाली कुजलेला मुरूम, ज्यात कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटणारे गोल गोटे असतात. त्या गोट्याच्या मध्यभागी अजून न कुजलेला काळा बेसॉल्ट मुठीएवढा शिल्लक असतो.

या दगडाला लॅटराइट हे नाव फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये केरळातल्या अंगडिपुरम येथील दगडावरून दिले. लॅटिनमध्ये वीट या अर्थी जो शब्द आहे त्यावरून ते घेतले, कारण तिथले लोक या दगडाच्या विटा कापून घरे बांधत होते. मराठीने मात्र रंगावरून नाव ठेवले, आणि या लेखकाच्या मते ते अधिक नेमके आहे.

चिरा खाणीत मऊ आणि घर बांधल्यावर कठीण, असे का?

खाणीतल्या जांभ्यात पाणी भिनलेले असते आणि त्यातली लोहाची ऑक्साइडे काही प्रमाणात पाणीयुक्त, अर्धवट स्फटिकरूप अवस्थेत असतात. चिरा कापून उन्हावाऱ्यात ठेवला की पाणी उडते, लोहखनिजांचे स्फटिक नीट जुळतात आणि त्यांची सलग जाळी मधल्या मातीला पकडून धरते. ही क्रिया बरीचशी न उलटणारी असल्यामुळे पुढच्या पावसात भिंत भिजली तरी चिरा पुन्हा खाणीतल्यासारखा मऊ होत नाही.

चिरे घेताना थोडे निरखून घ्यावे. चिऱ्याच्या कापलेल्या बाजूवर तांबूस-तपकिरी भिंतींच्या वेड्यावाकड्या नळ्या दिसतात, आणि काही नळ्यांत पिवळी किंवा पांढरी माती भरलेली असते. ती माती पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत धुऊन जाते आणि तिच्या जागी भोके पडतात. तेवढ्याने भिंत पडत नाही, पण चिऱ्यात मातीचाच भाग जास्त असेल आणि हातोडी मारल्यावर खणखणीत आवाज न येता बद्द आवाज येत असेल, तर तो चिरा गडग्याला (दगडी कुंपणाला) वापरावा, घराच्या भिंतीला नव्हे.

एवढा पाऊस पडूनही सड्यावरच्या (जांभ्याच्या सपाट पठारावरच्या) विहिरी एप्रिलात का आटतात?

कारण जांभा पाणी घेतो, पण धरून ठेवत नाही. नळ्यानळ्यांतून पाणी झरझर खाली उतरते, चिकणमातीच्या थरापाशी अडते आणि त्या थराच्या उताराने बाजूला सरकत सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. सड्यावरची उथळ विहीर म्हणजे वाहत्या नळाखाली ठेवलेली चाळणी. आपल्या पूर्वजांनी वाड्या सड्याच्या माथ्यावर न वसवता उताराच्या पायथ्याशी, झऱ्यांच्या रेषेवर वसवल्या, यामागे हेच निरीक्षण असणार. जांभ्याच्या तळाशी आणखीही काही लपलेले असते : रत्नागिरी परिसरात विहिरी खणताना जांभ्याखाली राखाडी चिकणमाती आणि तिच्यात लिग्नाइट (तपकिरी कोळसा) झालेली, काळी पडलेली लाकडे निघाली आहेत. तो सगळा जुन्या पाणथळ जागांतला गाळ होय.

कातळशिल्पे (कातळावर कोरलेल्या जुन्या आकृती) सड्यावरच का आढळतात?

सड्याच्या माथ्यावरचे कवच सपाट, उघडे आणि मातीविरहित असते, आणि ते खोदताना दगडाच्या अवजाराने टिचवता येण्याइतके ठिसूळ, तरी रेषा टिकवण्याइतके टणक असते. बेसॉल्टवर एवढ्या मोठ्या आकृती कोरायला पिढ्या लागल्या असत्या, आणि मातीवर त्या एका पावसात पुसल्या असत्या. कशेळी, बारसू, उक्षी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, जांभरुण, कुडोपी ही त्यांतली परिचित स्थळे असून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातल्या कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये झाला. चिरेखाणीला आणि कातळशिल्पाला नेमका तोच सडा लागतो, ही यातली अडचण आहे.

रत्नागिरीत एका बाजूला पांढरा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला काळा समुद्र का?

समुद्र एकच, वाळू वेगळी. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसते, म्हणून त्याच्या झिजेतून येणारी वाळू पांढरी असण्याचे कारण नाही. त्या झिजेतून मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट ही जड, काळी खनिजे नदीवाटे किनाऱ्यावर येतात. लाटा हलके कण परत ओढून नेतात आणि जड कण जागेवर टाकतात, म्हणजे समुद्र सुपासारखा पाखडत राहतो. जिथे शिंपल्यांचा चुरा आणि क्वार्ट्झचे कण जास्त जमतात तिथे वाळू पांढरी दिसते. काळबादेवी, मालगुंड, पूर्णगड या किनाऱ्यांवरच्या वाळूत इल्मेनाइट आहे, आणि त्यातून टायटॅनियम मिळते.

लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मांडवीच्या, म्हणजे काळ्या समुद्राच्या, सुक्या वाळूत फिरवावे. पिशवीवर मॅग्नेटाइटची काळी मिशी उभी राहते, आणि चुंबक पिशवीतून काढून घेतले की ती कागदावर गळून पडते. पिशवी न वापरल्यास चुंबक स्वच्छ करण्यात संध्याकाळ जाते.

मालवण-वेंगुर्ल्याकडचा दगड रत्नागिरीपेक्षा वेगळा का दिसतो?

दक्षिणेकडे जाता जाता लाव्ह्याचे आच्छादन संपते आणि त्याखालचे, त्याहून कितीतरी पटींनी जुने खडक उघडे पडतात. त्यांत पट्टेदार नाइस आणि शिस्ट हे रूपांतरित खडक आहेत, वाळूचा खडक दाब-उष्णतेने घट्ट होऊन झालेला क्वार्ट्झाइट आहे, आणि रेडीला हेमॅटाइट व क्वार्ट्झ यांचे आलटून पालटून पातळ पट्टे असलेला लोहयुक्त खडक आहे. रेडीचे लोहखनिज त्यातूनच येते. नाइस व शिस्ट यांचे वय अडीचशे कोटी वर्षांच्या घरात जाते, म्हणजे दक्षिण ट्रॅप त्यांच्यापुढे अगदी कालचा. कणकवली तालुक्यात कासार्डे परिसरात काचेच्या व ओतकामाच्या उद्योगांना लागणारी सिलिका वाळू निघते, तीही जुन्या क्वार्ट्झयुक्त खडकांतून. तारकर्लीची वाळू पांढरी असण्याचे कारण यावरून उघड होते : तिच्या पाठीमागच्या मुलखात क्वार्ट्झ आहे.

दुकानात मिळणारा काळा ग्रॅनाइट कोकणातल्या काळ्या दगडाचाच प्रकार का?

व्यापारात चकाकी घेणाऱ्या बहुतेक कठीण दगडांना ग्रॅनाइट म्हणायची पद्धत पडली आहे. खरा ग्रॅनाइट क्वार्ट्झ आणि फेल्स्पार यांचा, फिक्या रंगाचा, जमिनीखाली खोलवर सावकाश निवलेला असतो. ओट्यावर बसवलेला गडद काळा दगड अनेकदा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. हे दोन्ही रासायनिक दृष्ट्या बेसॉल्टचे सख्खे भाऊ आहेत, फक्त अधिक सावकाश निवल्याने त्यांचे कण मोठे झाले. ओट्यासाठी ते गैर नाहीत. लिंबू सांडल्याने संगमरवरावर जसा डाग उठतो तसा त्यांच्यावर उठत नाही.

किनाऱ्यावरच्या खडकाला मधाच्या पोळ्यासारखी भोके का पडतात?

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर ती उत्तम दिसतात. लाटांचे तुषार बेसॉल्टच्या बारीक फटींत शिरतात, पाणी उडून जाते आणि मिठाचे स्फटिक वाढताना कणाकणाला ढकलून सुटा करतात. एकदा खळगा झाला की त्यात ओल अधिक टिकते आणि तो आणखी खोल होतो. मिठागरात जो स्फटिक मुकाट्याने वाढतो तोच इथे दगड फोडतो. या वाटेवर भरतीच्या वेळी जाऊ नये; लाट येते ती मागून.

विद्यार्थ्यांनी दगडांचा संग्रह कसा करावा?

नमुना मुठीएवढा असावा आणि त्याची एक बाजू ताजी फुटलेली असावी, कारण कोकणात उघड्यावर राहिलेला कोणताही दगड दोन पावसाळ्यांत शेवाळाने आणि गंजाने एकाच रंगाचा दिसू लागतो. उचलल्या जागीच त्याच्यावर कागदी पट्टी चिकटवून क्रमांक घालावा आणि वहीत त्या क्रमांकापुढे गाव, वाडी, तो मूळ खडकातून फोडला की ओढ्यात सुटा मिळाला, त्याच्या वर आणि खाली कोणता थर होता, हे लिहावे. ओढ्यातला सुटा दगड घाटमाथ्यावरूनही आलेला असू शकतो. कातळशिल्पाजवळ, गडाच्या तटावर किंवा कुणाच्या गडग्यावर हातोडी चालवू नये. चिरेखाणीच्या कडेला तुकड्यांचे ढीग पडलेले असतात, तिथे मालकाला विचारून हवे तेवढे मिळतात. झिओलाइटचे नमुने वर्तमानपत्रात वेगवेगळे गुंडाळावेत, नाहीतर घरी पोचेपर्यंत स्टिल्बाइटच्या पंख्यासारख्या झुपक्यांचा भुगा झालेला असतो.